किल्ली परक्या हाती गेली तर...



सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजण्याची खूण आहे. पावसाळ्यात कृष्णा फुगू लागली की सारे शहर त्या खुणेकडे डोळे लावून बसते. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. घरादारांचे झाले ते नुकसान आपण जाणताच. पण दुकाने, कचेऱ्या आणि संस्था यांच्या दप्तरांचेही त्यात फार हाल झाले. वर्षानुवर्षांच्या वह्या भिजल्या म्हणजे कोणाचे किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे सांगणार कोण? अशा अनुभवानंतर आपले दप्तर पाण्यापासून आणि आगीपासून दूर, कोठेतरी सुरक्षित असावे असे वाटणे साहजिक आहे. आज हिशेब संगणकावर आले आहेत, आणि त्या संगणकावरचे दप्तर ठेवण्यासाठी ज्या जागेचा उपयोग पुष्कळ कंपन्या आणि संस्था करतात, तिला 'क्लाऊड' म्हणतात. क्लाऊड म्हणजे ढग.

आता हा ढग काही आकाशात नसतो, बरे का! तो जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारतींतून हजारो संगणक रात्रंदिवस चालू ठेवलेले असतात आणि त्यांतील थोडीथोडी जागा भाड्याने दिली जाते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. म्हणजे तासगावच्या किंवा कोरेगावच्या एखाद्या कंपनीचे दप्तर प्रत्यक्षात पुण्याला किंवा मुंबईला असू शकते, आणि त्या कंपनीचा कारकून आपल्या टेबलाशी बसून ते उघडू शकतो.

ही कल्पना आपल्याला अगदीच नवी वाटायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. हळद एकाची, जमीन दुसऱ्याची. पेवातली हळद जागेवरून न हलता तिची मालकी बदलत असे. व्यवहार सारा कागदावर आणि विश्वासावर. क्लाऊडचेही तसेच आहे. पेव कोरडे ठेवणे, त्यात पाणी शिरू न देणे हे पेववाल्याचे काम. पण आपली पावती कोणाच्या हाती द्यायची हे ज्याचे त्याने पाहायचे. इमारत, वीज आणि यंत्रे यांची जबाबदारी क्लाऊड पुरवणाऱ्या कंपनीची असते. किल्ल्या कोणाकोणाला द्यायच्या आणि कोणाकडून काढून घ्यायच्या, ही जबाबदारी मात्र खातेदाराची, म्हणजे आपली. हा भेद नीट लक्षात ठेवावा, कारण बहुतेक चोऱ्या या दुसऱ्या बाजूने होतात.

पूर्वी किल्ला घ्यायचा तर तट फोडावा लागे. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला सुरुंग लावले, त्याचे धमाके पंचक्रोशीत ऐकू गेले असतील. आजचा चोर तटाच्या वाटेला जात नाही. तो दरवाजाने येतो, आणि तोही खरी किल्ली घेऊन. ही किल्ली त्याला मिळते कशी? कोणी बँकेच्या किंवा सरकारच्या नावाने खोटे पत्र ई-मेलवर पाठवतो आणि आपला सेक्रेटरी त्यात पासवर्ड भरून मोकळा होतो. कोठे एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरलेला असतो. एका ठिकाणी फुटला की दहाही ठिकाणी फुटला. कोठे नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते दोन वर्षे तसेच उघडे राहते. तर कोठे संगणकाची आज्ञावली लिहिणारा कारागीर किल्लीच त्या लिखाणात ठेवून देतो आणि ते लिखाण भलत्याच्या दृष्टीस पडते.

चोर आत शिरला आहे हे ओळखायचे कसे? कारण इथे कुलूप तुटलेले दिसत नाही, की मातीत पाऊल उमटत नाही. तरीही खुणा असतात. रात्री दोन वाजता, परमुलखातून कोणी आपल्या खात्यात आल्याची नोंद दिसते. वापरणाऱ्यांच्या यादीत अनोळखी नाव आढळते. महिन्याचे बिल एकाएकी कितीतरी पट येते, कारण चोराने आपल्या नावावर भाड्याची यंत्रे घेऊन ती स्वतःच्या कामाला जुंपलेली असतात. आभासी चलन मिळवण्यासाठी हा उद्योग सर्रास चालतो. हे आयर्विन पुलावरचे ४० फूट समजावे. या इशाऱ्याकडे जो दुर्लक्ष करतो, त्याला ४५ ची वाट पाहावी लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. चोर आत आहे असे कळले, तर पहिल्या घटकेला काय करावे? येथे घाई आणि दिरंगाई, दोन्ही घातक ठरतात. एक खरी घडलेली हकिगत सांगतो.

कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. इतर कंपन्यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या सांभाळून ठेवणे हाच तिचा धंदा. तिचे सारे दप्तर ॲमेझॉनच्या क्लाऊडवर होते. १७ जून २०१४ रोजी कोणीतरी तिच्या खात्याचा ताबा मिळवला आणि खंडणी मागितली. कंपनीच्या माणसांनी काय केले? जे कोणीही करील तेच. त्यांनी धावत जाऊन पासवर्ड बदलले. पण त्या चोराने आधीच आपल्यासाठी आणखी वाटा करून ठेवल्या होत्या. आपल्याला हुसकावून लावत आहेत हे ध्यानात येताच तो दुसऱ्या वाटेने आत आला आणि दिसेल ते पुसू लागला. सुमारे बारा तासांत बहुतेक सारे दप्तर गेले. राखीव प्रतीही गेल्या, कारण त्याही त्याच खात्यातून पुसता येत होत्या. कंपनीला आपला कारभार बंद करावा लागला. सकाळी चालू असलेली पेढी दुसऱ्या दिवशी उरली नाही!

या हकिगतीत दोन धडे आहेत. एक असा की, एक दार लावून भागत नाही. सारी दारे एकदम लावावी लागतात. आणि दुसरा असा की, ज्या घराला आग लागू शकते त्याच घरात राखीव धान्य ठेवू नये.

तेव्हा क्रम कसा असावा, तो आता पाहू.

पहिली गोष्ट, एकाने सूत्रे हाती घ्यावीत. चेअरमन एक सांगतो, मॅनेजर दुसरेच करतो, असे होता कामा नये. ज्या संगणकावर संशय आहे तो बाजूला ठेवून दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून काम करावे. आपसात बोलायचे ते फोनवर किंवा समोरासमोर बोलावे. ई-मेलही चोर वाचत असेल, तर आपले सारे बेत त्याला आयतेच कळतात.

दुसरी गोष्ट, काही पुसू नये. चोरी झालेल्या घरात पोलीस पंचनामा करीपर्यंत आपण वस्तू हलवत नाही. इथेही तोच नियम आहे. क्लाऊडमध्ये कोण केव्हा आले आणि काय करून गेले याची नोंदवही असते, तिला 'लॉग' म्हणतात. तिची प्रत ताबडतोब दुसरीकडे काढून ठेवावी. अनोळखी नावे दिसली तर त्यांची यादी करावी, चित्रे घ्यावीत. बिघडलेले यंत्र भीतीने बंद करू नये, कारण चालू यंत्राच्या स्मरणात असलेला पुरावा बंद करताच नाहीसा होतो. ते इतर यंत्रांपासून तोडून एकटे ठेवावे आणि त्याची प्रत काढावी. जनावराला लाळ्या खुरकूत झाली की आपण त्याला दावणीपासून दूर बांधतो ना, तसेच हे.

तिसरी गोष्ट, सर्व किल्ल्या एकाच बैठकीत रद्द कराव्यात. प्रथम ज्या ई-मेलवर पासवर्ड बदलण्याची पत्रे येतात तो ई-मेल ताब्यात घ्यावा. नाहीतर तुम्ही बदलाल आणि तो पुन्हा बदलील. त्यात आलेली पत्रे गुपचूप दुसरीकडे पाठवण्याची व्यवस्था चोराने करून ठेवली आहे का, तेही पाहावे. मग खात्याचा मुख्य पासवर्ड, मग प्रत्येक माणसाचा, आणि मग यंत्रे आपापसात वापरतात त्या गुप्त किल्ल्या. येथे एक बारकावा आहे. पासवर्ड बदलणे म्हणजे कुलूप बदलणे. पण आत येऊन बसलेला माणूस त्याने बाहेर जातोच असे नाही. म्हणून चालू असलेल्या सर्व बैठका, ज्यांना 'सेशन' म्हणतात, त्या मुद्दाम तोडाव्या लागतात. अनोळखी खाती आधी गोठवावीत. नोंद झाल्यावरच काढून टाकावीत. आणि हे काम क्लाऊड पुरवणाऱ्या कंपनीला कळवून, तिच्या मदतीने करावे.

चौथी गोष्ट, चोरदिंडी शोधावी. आपण सांगलीचा माल पाहतो आणि चोराने परदेशातल्या केंद्रात आपल्याच खात्यावर यंत्रे उघडलेली असतात, असे पुष्कळदा घडते. म्हणून खात्याचा प्रत्येक कोपरा, आपण कधी न वापरलेलासुद्धा, तपासावा.

आणि शेवटी, दप्तर पूर्ववत करताना चोर शिरला त्या दिवसाच्या आधीची प्रत घ्यावी. नाहीतर रोग बियाण्यातच राहील आणि पुढचे पीक पुन्हा बिघडेल.

एकदा घाव बसला म्हणजे संकट संपले असेही समजू नये. याचे उदाहरण आपल्या पुण्यातच घडले. कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. तेथे फुटले ते क्लाऊडचे खाते नव्हे, बँकेची स्वतःची यंत्रणा. पण धडा तोच आहे. एटीएमवर कार्ड घातले की 'पैसे द्यावेत की न द्यावेत' हे बँकेची यंत्रणा ठरवते. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक मागणीला 'द्या' म्हणू लागली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून नकली कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात अडीच कोटी रुपये काढले गेले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातील एटीएममधूनही पैसे गेले. मग १३ तारखेला, सोमवारी, वेगळ्याच वाटेने, म्हणजे बँकाबँकांत परदेशी पैसे पाठवण्याच्या यंत्रणेतून, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील खात्यात गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. वार पाहा, वेळ पाहा. पहिला घाव सुट्टीच्या तोंडावर आणि दुसरा वेगळ्या दाराने. बँकेने पोलिसांत फिर्याद दिली, तपास झाला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. यंत्रणेत राहिलेल्या नोंदी आणि एटीएमवरची चित्रे यांचे महत्त्व अशा वेळी कळते.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. चोरी झाली की माणसाच्या मनात पहिला विचार येतो, "कोणाला कळता कामा नये. संस्थेचे नाव जाईल." हा विचार समजण्यासारखा आहे, पण तो घातक आहे. उबर या भाड्याच्या मोटारींच्या कंपनीचे उदाहरण पाहा. २०१६ साली तिच्या क्लाऊड खात्याची किल्ली कारागिरांच्या लिखाणात सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख उतारू व चालक यांची माहिती चोरीस गेली. कंपनीने काय केले, तर चोरांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले आणि वर्षभर मौन पाळले. २०१७ च्या नोव्हेंबरात ते उघडकीस आले. पुढे अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना तिला १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले आणि तिच्या सुरक्षाप्रमुखाला २०२२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. चोरी झाली हा त्याचा अपराध नव्हता. ती लपवली, हा होता.

आपल्याकडेही कायदा हेच सांगतो. संगणकावरील संकटांसाठी केंद्र सरकारची 'सर्ट-इन' नावाची संस्था आहे. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशानुसार, अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळवावे लागते आणि नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते, तोवर ती अडवता येण्याची आशा असते. लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्यांनुसार माहिती फुटली तर ज्याची ती माहिती आहे त्यालाही विनाविलंब कळवायचे आहे आणि सरकारी मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा आहे. माहिती जपण्यात हयगय केल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

पण दंडाचे सोडा. कळवण्याचे खरे कारण वेगळेच आहे. समजा, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचे खाते फुटले. त्यात हजारभर द्राक्ष बागायतदारांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती आणि फोन नंबर होते. कंपनी गप्प बसली. आठ दिवसांनी त्यांतल्या एका शेतकऱ्याला फोन येतो: "काका, तुमचं बिल अडकलंय. मी कंपनीतूनच बोलतोय. हा बघा तुमचा खाते नंबर. आता मोबाईलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा." खाते नंबर बरोबर आहे म्हटल्यावर काका कशाला शंका घेतील? कंपनीने आदल्या दिवशी दवंडी दिली असती, "बाबांनो, आपली माहिती बाहेर गेली आहे, कोणाला ओटीपी सांगू नका," तर त्या काकांचे वर्षाचे उत्पन्न वाचले असते. कंपनीचे नाव वाचवण्यासाठी सभासदाचे घर धुऊन जाऊ द्यायचे, हा कसला सहकार?

"बैल गेला नि झोपा केला" अशी आपल्याकडे म्हण आहे. उशिरा शहाणपण आलेल्याला आपण या म्हणीने हसतो. पण ज्याच्या गोठ्यात अजून चार बैल उभे आहेत, त्याने एक गेल्यावर तरी झोपा करायलाच हवा. आणि शेजाऱ्याचा बैल गेला असेल तर त्याच दिवशी आपलाही झोपा पाहून घ्यावा. या झोप्याला फार खर्च नाही. मुख्य खात्याला पासवर्डाबरोबर दुसरी पडताळणी लावावी, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून भागत नाही. ज्याला जेवढे काम तेवढीच किल्ली द्यावी. बिले भरणाऱ्या कारकुनाला सारे दप्तर पुसण्याचा अधिकार कशाला? माणूस नोकरी सोडतो त्याच संध्याकाळी त्याचे खाते बंद करावे. राखीव प्रत वेगळ्या खात्यात, शक्य तर वेगळ्या जागी असावी आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून उघडून पाहावे. बिलाने ठराविक मर्यादा ओलांडताच फोनवर सूचना येईल अशी सोय करून ठेवावी. आणि संकटात कोणाला फोन करायचे त्यांची यादी कागदावर लिहून भिंतीला लावावी. कागदावर अशासाठी की, संगणकच बंद पडला तर संगणकातली यादी वाचणार कशी?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना यात एक काम विशेष करता येईल. शाळेची पटनोंद आणि मुलांची माहिती आता संगणकावर असते. वर्गात आपण आगीची किंवा भूकंपाची कवायत घेतो. कोयनेच्या परिसरात तर तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तशीच एक कवायत शाळेच्या कचेरीत वर्षातून एकदा घ्यावी. "आज आपला पासवर्ड चोरीस गेला असे समजू, आता कोण काय करील?" अर्ध्या तासात कोणती किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच नक्की माहीत नाही, असे ध्यानात येईल. ते कवायतीत ध्यानात आलेले बरे.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्याही हातात काही आहे. संस्थेच्या वार्षिक सभेत आपण लाभांश किती आणि दर किती, हे हक्काने विचारतो. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारा. आमचे दप्तर कोठे ठेवले आहे? त्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? आणि त्यातली एखादी चोरीस गेली, तर आम्हाला किती तासांत कळेल? पहिल्या दोन प्रश्नांना कोणीही काहीतरी उत्तर देईल. तिसऱ्याचे उत्तर ज्या संस्थेपाशी तयार असेल, तिच्यावर खुशाल विश्वास ठेवावा.